बीडचे परवाने, हेगचा ठराव: स्त्रिया शस्त्रांविरुद्ध बोलतात तेव्हा नेमकं काय मागतात?

डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आली: या जिल्ह्यात बंदुकीचे परवाने किती जणांकडे आहेत आणि ते कशाच्या बळावर मिळाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेले रील आणि हवेत गोळीबाराचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. प्रशासनाने परवान्यांची छाननी केली, कित्येक रद्द केले. पुढे मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान यांच्यात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. १० मे रोजी ते थांबलं. पण मधल्या काळात अणुबॉम्बचा विषय चहाच्या टपरीवरही निघत होता.

दोन्ही वेळा काही महिला संघटनांनी पत्रकं काढली. अशा पत्रकांत तीन शब्द हमखास एकत्र असतात: शांतता, निःशस्त्रीकरण आणि समता. वाचणारा गोंधळतो. बायकांच्या हक्कांचा क्षेपणास्त्रांशी काय संबंध? गावगुंडाच्या कट्ट्याचा आणि अणुबॉम्बचा एकाच दमात उल्लेख कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र शंभर वर्षांहून जुनं आहे आणि आपल्याकडे ते फारसं सांगितलं जात नाही.

आधी शब्दांचा उलगडा

निःशस्त्रीकरण म्हणजे सगळ्यांनी उद्या सकाळी हत्यारं टाकून द्यायची, असा भाबडा अर्थ कोणी गंभीर माणूस घेत नाही. एखाद्या प्रकारची शस्त्रं ठरवून, दोन्ही बाजूंनी, एकमेकांना तपासणी करू देऊन कमी करणं किंवा संपवणं म्हणजे निःशस्त्रीकरण. त्याच्या अलीकडचा टप्पा शस्त्रनियंत्रण: शस्त्रं राहतील, पण किती, कुठली आणि कोणाला विकायची यावर बंधन.

शस्त्रांचे ढोबळ तीन थर. सगळ्यात वर अण्वस्त्रं. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या सुरुवातीला जगात सुमारे १२,२०० अण्वस्त्रं होती, त्यातली भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७०. मधल्या थरात रणगाडे, विमानं, तोफा. तळाला छोटी शस्त्रं: रायफल, पिस्तूल, गावठी कट्टा. बातम्या वरच्या थराच्या होतात, पण रोजची माणसं तळाच्या थरातल्या शस्त्रांनी मरतात. म्हणून बीडचा परवाना आणि पोखरणचा स्फोट एकाच विषयात येतात.

शस्त्रं वाढतात कशी, हे समजायला बांधावरच्या तंट्याइतकं चांगलं उदाहरण नाही. दोन भावांच्या वाटणीत बांध मध्ये आला. थोरल्याने नांगराचा एक तास कोरला, असं धाकट्याला वाटलं. तो रात्री शेतावर झोपायला जाताना कुऱ्हाड नेऊ लागला, आपल्या जिवाला जपायला. थोरल्याला मात्र दिसली ती कुऱ्हाड. त्याने दोन पोरं सोबत घेतली. धाकट्याने मेव्हण्याला बोलावलं. वर्षभरात दोघांकडे हत्यारं आहेत, माणसं आहेत, कोर्टाच्या तारखा आहेत, आणि बांध होता तिथेच. दोघंही खरं बोलतायत: “मी फक्त स्वतःच्या बचावासाठी केलं.” आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक याला सुरक्षेचा पेच म्हणतात. एकाचा बचाव दुसऱ्याला हल्ल्याची तयारी वाटतो आणि दोघांचीही सुरक्षितता खर्च वाढेल तशी घटत जाते.

आता या तंट्यात एक गोष्ट पाहा. बैठक बसते तेव्हा चावडीवर दोघे भाऊ, चार पंच, पोलिस पाटील. दोघांच्या बायका घरी. कर्जासाठी दागिने मोडले त्यांचे, शाळा सुटली त्यांच्या मुलीची, पाण्याला जायची वाट बंद झाली ती त्यांचीच. तंटा मिटवायचा तर काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही, हे त्यांना नेमकं माहीत असतं. पण विचारलं जात नाही. स्त्रियांच्या शांतता चळवळीचं मूळ म्हणणं एवढंच आहे.

हेग, १९१५: ज्यांना मत नव्हतं त्यांचा ठराव

पहिलं महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने झाले होते. तटस्थ राहिलेल्या हॉलंडमध्ये, हेग शहरात, २८ एप्रिल ते १ मे १९१५ या दिवसांत बारा देशांतल्या अकराशेहून अधिक प्रतिनिधी स्त्रिया जमल्या. त्यांत एकमेकांशी लढत असलेल्या देशांतल्याही होत्या. बोलावणं होतं हॉलंडच्या डॉक्टर अॅलेटा जेकब्स यांचं आणि अध्यक्ष होत्या शिकागोत गरीब वस्तीत काम करणाऱ्या जेन अॅडम्स. ब्रिटनमधून दीडशेच्या वर बायका यायला तयार होत्या. ऐन वेळी समुद्रातली वाहतूक बंद झाली आणि आधीच बाहेर असलेल्या तिघीच पोहोचू शकल्या.

सभेला यायला अटी दोनच: देशांमधले वाद शांततेच्या मार्गाने सोडवावेत हे मान्य हवं, आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा हेही मान्य हवं. युद्ध कोणी सुरू केलं यावर चर्चा करायची नाही, असं आधीच ठरलं होतं. हा शहाणपणा मला फार मोठा वाटतो. तो विषय उघडला असता तर पहिल्याच दुपारी सभा मोडली असती.

ठरावांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. तटस्थ देशांनी थांबून न राहता सतत मध्यस्थी करत राहावं. कुठलाही प्रदेश तिथल्या स्त्री-पुरुषांच्या संमतीशिवाय एका देशाकडून दुसऱ्याकडे देऊ नये. परराष्ट्र धोरण लोकांच्या नियंत्रणात असावं. शस्त्रांचं उत्पादन खासगी नफ्याच्या हातात राहू नये. कायमचं आंतरराष्ट्रीय न्यायालय असावं. आणि स्त्रियांना मत. शेवटची मागणी इतरांच्या शेजारी का बसली, हे इथे लक्षात येतं. युद्धाचा निर्णय संसद आणि मंत्रिमंडळ घेणार, आणि त्या संसदेत निम्म्या जनतेला मतच नाही. शांतता मागायची तर आधी मागणी ऐकायला भाग पाडेल असा हक्क हवा.

सभेनंतर त्यांची शिष्टमंडळं लढणाऱ्या आणि तटस्थ देशांच्या पंतप्रधानांना, परराष्ट्रमंत्र्यांना जाऊन भेटली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या खटाटोपाला मूर्खपणा ठरवलं. युद्ध थांबलं नाही, आणखी साडेतीन वर्षं चाललं. १९१९ मध्ये झुरिकला याच स्त्रिया पुन्हा भेटल्या आणि ‘शांतता व स्वातंत्र्यासाठी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय लीग’ हे नाव संघटनेला मिळालं. ही संघटना आजही आहे. जेन अॅडम्स यांना १९३१ मध्ये आणि त्यांच्या सहकारी एमिली ग्रीन बाल्च यांना १९४६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

दुधात आलेला बॉम्ब

हेगच्या बायकांवर एक आक्षेप घेता येई: तुमचं म्हणणं तत्त्वाचं आहे, पण पुरावा काय? दुसऱ्या महायुद्धानंतर पुरावा स्वयंपाकघरात आला.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख ‘भाग्यवान ड्रॅगन’ असं नाव असलेल्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरची माणसं आजारी पडली आणि टोकियोच्या बाजारात मासे घ्यायला लोक घाबरू लागले. शहराच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम सुरू केली. ती पसरत गेली आणि अण्वस्त्रांविरुद्ध तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. त्याच एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याची सूचना मांडली. एखाद्या सरकारप्रमुखाने अशी जाहीर मागणी करण्याच्या पहिल्या प्रसंगांपैकी हा एक.

पुढची गोष्ट थोडं विज्ञान सांगून सांगावी लागते. अणुचाचणीत स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ तयार होतो. तो वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जातो, पावसाबरोबर गवतावर पडतो, गाय ते गवत खाते आणि तो दुधात उतरतो. रासायनिकदृष्ट्या तो कॅल्शियमच्या इतका जवळचा आहे की शरीर फसतं आणि त्याला हाडांत, दातांत साठवून ठेवतं. त्याचा निम्मा भाग नाहीसा व्हायलाच सुमारे २९ वर्षं लागतात. सगळ्यात जास्त दूध पितं कोण आणि सगळ्यात वेगाने हाडं वाढतात कोणाची? लहान मुलांची.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉ. लुईस रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या शेवटी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. आयांनी पाकिटात घालून दात पाठवले. कालांतराने आकडा तीन लाखांवर गेला. १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष आले: चाचण्या वाढत गेल्या तसं नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत गेलं होतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या सुमारे साठ शहरांत हजारो बायकांनी एका दिवसाचा ‘संप’ केला. घरकाम सोडून त्या रस्त्यावर आल्या. त्यांचा स्वतःचा अंदाज पन्नास हजारांचा होता. पुढच्या वर्षी संसदेच्या समितीने त्यांच्यात कम्युनिस्ट शोधायला काही जणींना चौकशीला बोलावलं. बायका कडेवरची पोरं घेऊन सभागृहात जाऊन बसल्या. पोरं रडत होती, साक्षी चालू होत्या आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हसं झालं ते समितीचं.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत करार झाला: हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचणी बंद. भारतानेही त्यावर सही केली. केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वीझनर यांनी राष्ट्राध्यक्षांवर आलेल्या दबावाचं श्रेय ज्यांना दिलं त्यांत या बायकाही होत्या. करार अर्धवटच होता, कारण जमिनीखालच्या चाचण्या सुरू राहिल्या. आपल्या १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्याही जमिनीखालच्याच. पण दुधातला स्ट्रॉन्शियम खाली आला, आणि तो आपोआप खाली आला नाही.

छोट्या शस्त्राचा प्रश्न घरातून सुरू होतो

आता बीडकडे. परवाना देताना आपल्याकडे पोलिसांचा अहवाल लागतो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, जिवाला धोका खरा आहे का, हे पाहिलं जातं. निदान पाहिलं जावं अशी अपेक्षा असते.

कॅनडात १९८९ च्या डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसाने चौदा स्त्रियांना ठार मारलं. त्या बायका आहेत म्हणूनच मारलं. त्यानंतर शिकणाऱ्या मुली आणि मृतांचे नातेवाईक यांनी रेटा लावला आणि १९९५ मध्ये नवा बंदूक कायदा आला. तिथे परवान्याच्या अर्जावर पती, पत्नी किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराची सही मागितली जाते. नजीकच्या काळात विभक्त झालेल्या जोडीदारालाही. सही नसली तर अर्ज आपोआप फेटाळत नाहीत, पण त्या व्यक्तीला अर्जाची माहिती कळवली जाते. साधी तरतूद आहे. माणूस बाहेर कसा वागतो हे गाव सांगेल. दारू पिऊन घरात कसा वागतो, हे एकच व्यक्ती सांगू शकते.

हाच विचार देशांच्या पातळीवर नेला की संयुक्त राष्ट्रांचा शस्त्रव्यापार करार मिळतो. २०१३ मध्ये तो संमत झाला, २०१४ च्या शेवटी लागू झाला. त्याच्या सातव्या कलमात एक अट आहे: शस्त्रं निर्यात करण्याआधी ती स्त्रियांवरच्या गंभीर हिंसाचारासाठी वापरली जातील का, हे विकणाऱ्या देशाने तपासावं. शस्त्रांच्या करारात असं कलम येण्याची ही पहिलीच वेळ. हेगच्या बायकांच्या वारसदार संघटनेने त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. भारत मतदानात तटस्थ राहिला. करार विकणाऱ्या देशांच्या सोयीचा आहे आणि दहशतवाद्यांच्या हाती शस्त्रं जाण्याबाबत ढिला आहे, असं भारताचं म्हणणं होतं. ते म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. सातव्या कलमाचं महत्त्व मात्र त्याने कमी होत नाही.

समता यात कुठून घुसली?

दोन वाटांनी. पहिली वाट पैशाची. जगाचा लष्करी खर्च २०२४ मध्ये सुमारे २.७ लाख कोटी डॉलर होता. भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातला मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनाचा, हेही सांगितलं पाहिजे. संरक्षणाचा पैसा कापला की तो थेट आरोग्य केंद्राला मिळतो असं नाही. ‘मिळतो’ असं सांगणारी पत्रकं काढणारे स्वतःचंच नुकसान करतात. मुद्दा वेगळा आहे. ‘सुरक्षा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त सीमा येते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, उसाच्या फडात संडास नाही, पोट दुखलं तर गाठायचा तो खासगी दवाखाना. या बाईला ‘तू सुरक्षित आहेस का’ असं विचारलं तर ती सीमेबद्दल बोलणार नाही.

दुसरी वाट खुर्चीची. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ एकमताने मंजूर केला. त्याचा गाभा असा: शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना घ्या, संघर्षात त्यांचं संरक्षण करा, संघर्ष टाळण्यात त्यांना सामील करा आणि नंतरच्या उभारणीत त्यांचं ऐका. तोवरची स्थिती काय होती आणि नंतरही काय राहिली, याचा एक आकडा पुरे. १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांपैकी स्त्रिया सरासरी १३ टक्के होत्या आणि करारावर सही करणाऱ्यांपैकी ६ टक्के.

लायबेरिया हे आफ्रिकेतलं छोटं राष्ट्र चौदा वर्षं यादवीत होतं. २००३ मध्ये लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून राजधानीतल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. वाटाघाटी शेजारच्या घानामध्ये हॉटेलात रेंगाळल्या, तेव्हा काही जणींनी तिथे जाऊन दालनाच्या दारात ठिय्या दिला: करार झाल्याशिवाय एकालाही बाहेर पडू देणार नाही. काही आठवड्यांत करार झाला. २००७ मध्ये त्याच लायबेरियात भारताने आपल्या सीआरपीएफच्या महिलांची संपूर्ण तुकडी शांतिसेनेत पाठवली. जगात अशी ही पहिली तुकडी. २०११ च्या नोबेलमध्ये बोवी होत्या आणि लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफही.

आपल्याकडे काय?

मराठवाड्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. पुनर्वसनाच्या मोठ्या सरकारी कार्यक्रमात दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. घर कुठे तडकलंय, कोणत्या कोपऱ्यात लोखंड घालायचं, अनुदानाचा हप्ता कुठे अडलाय, हे त्या लोकांना समजावत आणि लोकांचं म्हणणं इंजिनिअरपर्यंत नेत. ज्यांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती त्या बायका सिमेंटचा हिशेब मागू लागल्या. ठराव १३२५ मध्ये ‘नंतरच्या उभारणीत स्त्रियांचं ऐका’ असं जे वाक्य आहे, ते औसा-उमरगा भागात त्याच्या आधीच काही वर्षं घडून गेलं होतं.

आडवी बाटलीही आपल्याच अनुभवातली. राज्याच्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मेख अशी की झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. पुण्याला कामाला गेलेली, ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीकडे जाते. तरीही गावांनी दुकानं बंद केली आहेत.

आणि एक जुनी गोष्ट, जी आपण अर्धीच सांगतो. हैदराबाद संस्थानात रझाकारांनी मराठवाड्याच्या गावांवर जे अत्याचार केले ते प्रत्येक १७ सप्टेंबरला आपण आठवतो, आठवायलाच हवेत. १९४८ ची पोलिस कारवाई पाच दिवसांत संपली. पण त्यानंतरच्या आठवड्यांत उलट दिशेने, मुस्लिमांवर, हिंसा झाली. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. बायकांवरचे अत्याचार, अपहरणं यांचीही नोंद त्यात आहे. दोन्ही वेळा जी विधवा झाली तिचा धर्म वेगळा होता, पुढचं आयुष्य सारखंच. शस्त्रं खाली ठेवली की युद्ध संपतं, असं मानणाऱ्यांनी हा अहवाल वाचावा.

“पण बायकाही बंदूक चालवतातच की!”

चालवतात. हैदराबादच्या त्याच मुक्तिसंग्रामात बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके शस्त्र घेऊन लढल्या. मे २०२५ च्या कारवाईची माहिती देशाला दिली ती कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी. इंदिरा गांधींनी युद्धही केलं आणि अणुचाचणीही. मणिपूरमध्ये मशाली घेऊन व्यसन आणि लष्करी अत्याचार यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मैरा पायबी बायकांचा देशभर गौरव झाला, पण २०२३ च्या वांशिक हिंसेत बायकांचे जमाव रस्ते अडवून सशस्त्र लोकांना सोडवून नेत असल्याची तक्रार लष्करानेच केली.

तेव्हा ‘बाई मुळातच शांत, मायाळू’ हा युक्तिवाद सोडून द्यावा. चळवळीतल्याही काही जणी तो वापरतात. माझ्या मते तो दुबळा आहे आणि उलट फिरतो, कारण माया असेल तर तिने घरीच राहावं असं लगेच म्हणता येतं. भक्कम युक्तिवाद स्वभावाचा नाही. ज्याला किंमत मोजावी लागते त्याला ठरवायचा अधिकार हवा, मग तो काहीही ठरवो.

“शेजारी पाकिस्तान आणि चीन असताना शस्त्रं टाकायची?”

एकतर्फी टाका, असं या चळवळीतल्या जबाबदार लोकांनी सहसा म्हटलेलं नाही. भारताची अधिकृत भूमिकाही जगाने मिळून अण्वस्त्रं संपवावीत अशीच आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत त्यासाठी टप्प्यांची योजना मांडली होती, आणि १९९८ नंतर ‘आधी आम्ही वापरणार नाही’ हे धोरण जाहीर झालं. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारात मात्र भारत नाही. कुठलंच अण्वस्त्रधारी राष्ट्र नाही. १२२ देशांच्या मतांनी तो झाला आणि २०२१ पासून लागू आहे. ज्यांच्याकडे बॉम्ब नाही त्यांनीच बंदी घातली, ही टीका खरी आहे. १९१५ मध्येही ज्यांच्याकडे मत नव्हतं त्यांनीच ठराव केले होते.

दरम्यान करण्यासारख्या छोट्या गोष्टी असतात: हॉटलाइन चालू ठेवणं, क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देणं, अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा भारत-पाक करार पाळणं. त्या करारानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, संबंध कितीही बिघडलेले असले तरी. कारगिलनंतर वर्षभरात, २००० साली, गांधीवादी कार्यकर्त्या निर्मला देशपांडे यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांची बस लाहोरला गेली. त्या बसने सीमा बदलली नाही. पण सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती तेव्हा कोणीतरी बोलत होतं.

“ठराव खूप झाले. हाती काय लागलं?”

हिशेब मिश्र आहे. १९६३ चा करार हा खरा विजय. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी तळाबाहेर स्त्रियांनी १९८१ पासून एकोणीस वर्षं छावणी टाकली, एकदा तीस हजार जणींनी हात धरून कुंपणाला वेढा घातला. तिथली अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं गेली ती मात्र १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारामुळे. त्यात छावणीचा वाटा किती यावर अभ्यासक भांडत असतात. तो करारही २०१९ मध्ये मोडला. स्त्रियांच्या सह्या असलेले करार जास्त टिकतात असे अभ्यास सांगतात, पण जिथे मुळात समंजसपणा जास्त तिथेच बायकांना आत घेतात, असंही असू शकतं. तेव्हा तो आकडा छातीठोकपणे फेकू नये.

सगळ्यात जास्त घात होतो तो नावापुरत्या खुर्चीने. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि कित्येक गावांत शिक्का बाईचा, सही बाईची, बैठकीत मात्र ‘सरपंचपती’. संयुक्त राष्ट्रांचंही याहून वेगळं नाही. ३० जून २०२४ रोजी दोहामध्ये अफगाणिस्तानवर त्यांनी बैठक घेतली. तालिबान आले, कारण अफगाण स्त्रियांना त्या टेबलावर बसवायचं नाही ही अट मान्य झाली होती. बैठक दोन दिवस चालली. ती संपल्यावर, २ जुलैला, प्रतिनिधींनी अफगाण स्त्रियांची वेगळी भेट घेतली. काही जणींनी त्या भेटीला जायचंच नाकारलं.